वेत्सानीचं नाक

"हात याच्यापुढे जात नाही, सर."

"माझा तर मनगटालाच अडकतो. तुझा निदान कोपरापर्यंत गेला," राजेशिर्के सर वरून म्हणाले. "काय लागतंय?"

मी गाडीच्या नाकाखाली फरशीवर उताणी पडले होते. एका हातात टॉर्च होता, पण त्याचा उजेड रेडिएटरवर अडकत होता. दुसरा हात नाकाच्या पोकळीत होता. बाहेरून काचेसारखा गुळगुळीत असलेला तो पत्रा आतून मात्र खवल्याखवल्यांचा लागत होता.

"ठोके आहेत. एकाला एक लागून, ओळीनं. तांब्याच्या घंगाळावर असतात तसे."

"मठार?" सर गुडघे टेकून खाली वाकले. "इटालियन गाडीला मठार?"

मटेरियल्स सायन्समध्ये एम.एस्सी. करून मी तेव्हा पुण्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेत नुकती लागले होते. आमच्याकडे हातात धरायचं एक क्ष-किरण यंत्र होतं. धातूला लावलं की त्यात काय काय मिसळलंय ते सांगायचं. यशोधन राजेशिर्क्यांना त्यांच्या गाडीचा कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतरचा हे हवं होतं, म्हणून प्रयोगशाळेनं मला यंत्रासकट मुंढव्याच्या त्यांच्या गॅरेजात पाठवलं.

वेत्सानी हे नाव गाड्यांच्या शौकिनांनाही फारसं ठाऊक नाही. युद्ध संपल्यावर उत्तर इटलीतल्या एका गावात वेत्सानी नावाच्या दोन भावांनी छोट्या फियाटचं इंजिन घेतलं, नळ्यांचा सांगाडा केला आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवला. टप नाही, दारं नाहीत, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. वजन एखाद्या दुभत्या म्हशीपेक्षा कमी. अशा थोड्याच गाड्या झाल्या आणि कारखाना बंद पडला. त्यातली एक कुणी इटालियन इंजिनिअर नोकरीवर येताना बोटीनं मुंबईला घेऊन आला. परत जाताना ती त्यानं सरांच्या काकांना, विश्रामरावांना विकली. त्या काळी विमानाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. विश्रामराव तिथे ही गाडी पळवत. एकदा वळणावर ती डांबराच्या पिंपांवर गेली. त्यांना खरचटण्यावर निभावलं, पण गाडीचं नाक चेपून पार आत गेलं.

आता गाडी परत इटलीला चालली होती. तिथल्या एका संग्राहकानं घेतली होती आणि मूळ रूपात आणून पुन्हा रस्त्यावर पळवायची होती. त्यासाठी हा खटाटोप.

यंत्रानं आधीच बरीच करमणूक केली होती. अर्धं इंजिन मुंबईच्या टॅक्सीचं निघालं होतं. नाकाचा पत्रा तर कुठल्याच मोटारीच्या धातूशी जुळेना. शेवटी सहज म्हणून मी आमच्या कँटीनमधल्या भाताच्या पातेल्याला यंत्र लावलं. जुळलं.

"लिही मग," सर म्हणाले, "नाक मूळचं नाही. ते तिकडे गेल्यावर कापून नवं बसवणार आहेत. काका म्हणायचे खरे, की नाक तांबट आळीत करून घेतलं. मला ती त्यांची थाप वाटायची."

माझं काम तिथेच संपत होतं. पण त्या ठोक्यांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. हात पोचला तिथे मी शाडूची माती दाबली आणि ठसा काढला. हातोडी थोडी तिरपी पडते, म्हणून प्रत्येक खळगा एका बाजूला जरा खोल असतो. ठशात काही खळगे उजवीकडे खोल होते, काही डावीकडे. एकाच माणसाचा हात असा दोन्हीकडे कलत नाही.

तांबट आळीत दोनतीन दारं विचारल्यावर वडक्यांचं घर सापडलं. गोविंदराव वडके ओट्यावर ऊन खात बसले होते. पंचाऐंशीच्या पुढचे असावेत. त्यांच्या सूनबाई, कुंदाकाकू, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मोठ्यानं बोला बरं का," त्या म्हणाल्या. "आमच्या आळीत पन्नाशीनंतर ज्याला ऐकू येतं ना, त्यानं जन्मात काम केलेलं नसतं." मग सासऱ्यांच्या कानाशी वाकून ओरडल्या, "मामंजी! विश्रामरावांची गाडी! इटलीची!"

"ओरडतेस काय? बहिरा आहे का मी?" म्हातारबुवा म्हणाले. समोरच्या दुकानातले दोघं हसले.

मी शाडूचा ठसा त्यांच्या हातात दिला.

"हे काय, गणपती बसवायचाय का?" असं म्हणत त्यांनी अंगठा ठशावर फिरवला आणि चेहरा एकदम बदलला. "हे माझं. विश्रामरावांच्या गाडीचं नाक." अंगठा पुढे सरकला आणि थांबला. बराच वेळ तो तिथेच होता.

"हाही तुमचाच ठोका?" मी ओरडून विचारलं.

"माझाच. मला दोन्ही हात चालतात."

कुंदाकाकू मला निरोप द्यायला पायरीपर्यंत आल्या. "डाव्या हातानं त्यांना चहाची बशी धरता येत नाही धड," त्या हळूच म्हणाल्या. "तसं का म्हणाले कोण जाणे."

मी वळले तेवढ्यात मागून हाक आली. "पोरी, ती गाडी बघायला मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाकाकू त्यांना रिक्षानं घेऊन आल्या. स्वच्छ धोतर, काळी टोपी. सर वाकून त्यांच्या पाया पडले, खुर्ची दिली. म्हातारबुवा खुर्चीत बसले नाहीत. ते गाडीच्या नाकाशी गेले, कसेबसे खाली बसले आणि त्यांनी हात आत घातला.

"जर्मलचंच आहे," ते म्हणाले.

"काय?" सरांनी विचारलं.

"जर्मल हो. ॲल्युमिनियमची भांडी. पूर्वी तसंच म्हणायचे," कुंदाकाकूंनी सांगितलं.

"विश्रामरावांनी पत्रा चांगला दिला होता," म्हातारबुवा बोलू लागले. बहिऱ्या माणसाचा वरच्या पट्टीतला आवाज गॅरेजभर घुमत होता. "मुंबईहून आणला होता. आता तांबं कसं, लाल होईस्तोवर तापवायचं. लाल झालं की पाण्यात. मग मऊ येतं. आमच्या बापजाद्यांनी तेच केलं. मी पत्रा भट्टीवर धरला. लाल व्हायची वाट बघतोय, होतच नाही. म्हटलं, फुंका अजून. भाता मारतायत, मारतायत, आणि पत्रा एकदम खाली बसला. हातात सांडशी आणि राखेत चांदीसारखे थेंब! एक थेंब इथं." त्यांनी उजवा तळहात दाखवला. करंगळीखाली पांढरट व्रण होता.

ॲल्युमिनियम लाल व्हायच्या आधीच वितळतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तांब्यावर वाढलेल्या माणसाला ते कुठून कळावं?

"विश्रामरावांना सांगायची लाज वाटली. बोहरी आळीत गेलो आणि जर्मलची पातेली घेतली, लग्नातल्या भाताची. ती डोक्यावर घेऊन आळीत शिरलो तर सगळे दारात उभे! 'गोविंदा, तांबटाच्या घरात जर्मल? उद्या देवघरातपण तेच मांड!'" ते हसले, आम्हीही हसलो. "ती पातेली फोडली, सपाट केली आणि त्यातनं हे नाक काढलं. बाहेरून गुळगुळीत पाहिजे म्हणाले, म्हणून मठार आतून मारला. त्याशिवाय पत्र्यात जीव येत नाही."

"पण मग तापवायचं किती, ते कसं जमलं?" मी कानाशी जाऊन विचारलं.

त्यांनी हात नाकातून बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"द्वारकेनं काढलं शोधून. कपड्याचा साबण पत्र्याला चोळायची. साबण काळा पडला की म्हणायची, अप्पा, उतरवा."

"वन्सं?" कुंदाकाकूंचा हात तोंडाशी गेला. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "माझी मोठी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा नुसता फोटो होता भिंतीवर."

"तुझ्या मातीत दुसरा ठोका होता ना," म्हातारबुवा मला म्हणाले, "तो तिचा. डावखुरी होती. चौदा वर्षांची. नाकाची उजवी बाजू माझी, डावी तिची."

"मग काल तुमचाच का म्हणालात?" मी अजून त्यांच्या कानाशीच होते.

"पन्नास वर्षं तेच म्हणत आलोय."

सरांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. या वेळी ते बसले.

"गाडी देऊन आलो तेव्हा तिनं विचारलं, अप्पा, माझी बाजू कशी झाली होती? तेव्हा नाशिकचं स्थळ ठरत आलं होतं. हातोडी मारणारी मुलगी, त्यात डावरी. कोण करणार? तिच्या हातून ती हातोडी सुटायला पाहिजे होती. म्हटलं, वाईट झाली होती. तुझी सगळी बाजू मला वरनं पुन्हा मारावी लागली. परत हात लावायचा नाही."

"आणि नाही लावला?"

"नाही लावला. लग्न झालं. दुसऱ्या वर्षी बाळंतपणात गेली."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. म्हातारबुवांना त्याचा आवाज येत नव्हता. ते आपल्या हातांकडे बघत होते.

"तिनं केलेली भांडी असतील ना घरात?" मी विचारलं.

"स्टील आलं तेव्हा लोकांनी तांबं पोत्यापोत्यानं मोडीत घातलं. आम्हीच वितळवायचो. एकदा तिचा एक बंब माझ्याच दुकानात मोडीला आला. ओळखला मी. म्हटलं, घालू दे भट्टीत, असे अजून येतील. पण परत एकही नाही आला."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली आहेस. मला एवढंच सांग. मी तिची बाजू खरंच वरनं मारली होती, की नुसतं म्हटलं होतं? तिला सांगितलं, तिच्या आईला सांगितलं, आळीत सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की आता डोळे मिटले तर मीच तिच्या बाजूवर हातोडी मारताना दिसतो. खरं काय ते मला आठवत नाही. मारली असली तर तिचं काहीच उरलं नाही. वर कुणाचा ठोका आहे, ते कळतं का बघून?"

"कळतं," मी म्हणाले. चंद्रावरचं कुठलं विवर आधीचं नि कुठलं नंतरचं हे जसं ओळखतात तसंच हे. नंतरच्या खळग्याचा काठ अखंड राहतो, आधीच्याचा काठ त्यानं कापलेला असतो. "पण त्याला आतली सगळी बाजू उजेडात यायला हवी. नाक काढावं लागेल."

सर डोकं खाजवत उभे राहिले. इटलीहून निरोप होता की एकाही खिळ्याला हात लावू नका, काय कापायचं ते आम्ही इथे कापू.

"कापून फेकणारच आहेत ना ते?" सर शेवटी स्वतःशीच म्हणाले. "मग इथे काढलं तर काय बिघडतं? फक्त सांगाडा वाकला तर माझी धडगत नाही."

कुंदाकाकूंनी हे सासऱ्यांच्या कानात सांगितलं.

"सांगाडा वाकायचा नाही," म्हातारबुवा म्हणाले. "बसवलंय मी."

नाक काढायला आम्ही सकाळची वेळ धरली. म्हातारबुवा स्टुलावर बसून बोटानं दाखवत होते आणि सर बाह्या सरसावून काम करत होते.

"इथं रिबीट आहे."

"इथे तर काही दिसत नाही, आजोबा."

"रंग खरवडा. दिसत नाही म्हणूनच तर विश्रामराव खूश झाले होते."

रंग खरवडला तर रिबीट निघायचं. शेवटचं सुटलं तसं नाक सैल होऊन सरांच्या हातात आलं. इतकं हलकं, की जोर लावून उचलणारे सर मागे धडपडले. आम्ही ते अंगणात उन्हात पोत्यावर उताणं ठेवलं. आतली बाजू पहिल्यांदाच उजेडात आली होती. नदीच्या पाण्यावर वाऱ्यानं बारीक लाटा उठाव्यात तसा सगळा पत्रा चमकत होता. कुंदाकाकूंनी नकळत हात जोडले.

मी भिंग आणि खडू घेऊन बसले. जिथे डावऱ्या हाताचा ठोका वर आहे तिथे पांढरी खूण करायची, जिथे उजव्या हाताचा वर आहे तिथे लाल. काठाकडून सुरुवात करून ओळीओळीनं पुढे जात होते. म्हातारबुवा खुर्चीत बसले होते. कुंदाकाकूंनी त्यांच्यापुढे ठेवलेल्या चहावर साय धरली. सर दोनदा आत जाऊन आले आणि तिसऱ्यांदा माझ्यामागेच उभे राहिले.

द्वारकेची बाजू संपली तेव्हा तिथे लाल खूण एकही नव्हती. मी पुन्हा एकदा तपासलं, मग उठून म्हातारबुवांच्या कानाशी गेले.

"आजोबा, तिच्या बाजूवर तुमचा एकसुद्धा ठोका नाही. तुम्ही नुसतं म्हटलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. कुंदाकाकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सर खाकरले आणि उगाच मोठ्यानं म्हणाले, "वा! म्हणजे सगळं शाबूत आहे. आता ताजा चहा सांगतो. आणि आजोबा, हे नाक तुमचं. घरी न्यायचं."

तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण अर्धा पत्रा राहिला होता आणि अर्धवट मोजमाप टाकून उठायची मला सवय नव्हती. चहा येईपर्यंत बघू म्हणून मी मधली रेघ ओलांडली.

पहिल्याच ओळीत मी थांबले. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. इथले ठोके दोन थरांत होते. खाली उजव्या हाताचे, उथळ, कुठे दाट कुठे विरळ, जोर नसलेले. सगळ्यांचे काठ कापलेले. आणि वरून दुसरे ठोके, एकसारखे, अखंड, डावीकडे कललेले. मी पांढरी खूण केली. मग शेजारी दुसरी. मग पुढच्या ओळीत. मला वाटत होतं कुठेतरी हे थांबेल. थांबलं नाही. पार दुसऱ्या काठापर्यंत पांढरंच होत गेलं.

वर पाहिलं तेव्हा म्हातारबुवा खुर्चीतून उठून माझ्यामागे आले होते.

"खडू इकडं कसा आला?" ते म्हणाले. "ही बाजू माझी आहे."

मी भिंग त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते बाजूला सारलं, कुंदाकाकूंचा हात धरून ते खाली बसले आणि त्यांनी तो व्रणाचा हात पत्र्यावर ठेवला. अंगठा एका ठोक्यावरून दुसऱ्यावर सरकत राहिला. मला भिंगातून दिसलं ते त्यांना बोटाला कळत होतं.

"हात भाजला होता," ते म्हणाले. "ठोका बसत नव्हता नीट. ती म्हणत होती, अप्पा, राहू दे, चार दिवस जाऊ देत. मी ऐकलं नाही. कशीबशी बाजू पुरी केली आणि नाशिकला गेलो, तिचं स्थळ बघायला. परत आलो तर हे ओट्यावर तयार ठेवलेलं. उलटून आत बघितलंपण नाही. तसंच नेऊन बसवलं."

"मामंजी, उन्हात नका बसू," कुंदाकाकू म्हणाल्या. नेहमीसारखं ओरडून नाही, हळू आवाजात. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

"म्हणजे मी तिला सांगत होतो, तुझी बाजू मी सुधारली," म्हातारबुवा म्हणाले, "तेव्हा माझी बाजू तिनं..."

सरांनी मागवलेला चहा आला आणि तसाच परत गेला.

वेत्सानी पुढच्या आठवड्यात पेटीत बंद होऊन गेली. तिकडे तिला नवं नाक बसलं. दोन वर्षांनी सरांनी मला एका छापील पुस्तिकेची प्रत दिली. तिच्यात गाडीचा सगळा इतिहास होता. कारखाना, वेत्सानी बंधू, बोट, विश्रामराव, धावपट्टी. माझ्या अहवालात मी नाकापुढे 'द्वारका गोविंद वडके, पुणे' असं लिहिलं होतं. पुस्तिकेत तिथे 'स्थानिक दुरुस्ती, काढून टाकली' एवढंच होतं. तोवर गोविंदरावही गेले होते. नाक अजून वडक्यांच्या माडीवर आहे. कुंदाकाकूंनी ते कधी मोडीत घालू दिलं नाही.

पण मला आठवते ती त्या दिवशीची दुपार. नाक धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून आम्ही रिक्षात ठेवलं. म्हातारबुवा आत बसले आणि त्यांनी ते मांडीवर घेतलं. रिक्षा सुरू झाली होती. कुंदाकाकू दुसऱ्या बाजूनं चढत होत्या. मला राहवलं नाही. मी वाकून म्हातारबुवांच्या कानाशी तोंड नेलं.

"आजोबा, तुम्ही वाईट झाली म्हणालात तेव्हा ती काय म्हणाली?"

त्यांनी मांडीवरची गुंडाळी सारखी केली.

"म्हणाली, हो अप्पा. आणि हातोडी पुसून माझ्या हातोड्यांत ठेवून दिली."